उकंडरावाचा खोकला

भूत लवकर दाखवलं की पिच्चर मेलं, हे मनकर्णाचं ठाम मत होतं आणि त्यावर ती कुणाशीही भांडायला तयार असायची. आता लिंबखोरीसारख्या गावात या विषयावर भांडायला येणार कोण? म्हणून मग ती सुनेशी भांडायची, नाहीतर शेळ्यांशी. शेळ्या निदान ऐकून तरी घ्यायच्या.

दुपारी माळावर बाभळीच्या सावलीत सासू-सुना बसायच्या, पाण्याच्या कॅनला टेकवून कोमलचा मोबाईल ठेवायच्या आणि जुनं एखादं भुताचं पिच्चर लावायच्या. जुनंच. नव्याचं नाव काढलं तरी मनकर्णा नाक मुरडायची. नव्या पिच्चरात म्हणे बादलीनं रक्त ओततात, भूत छतावरून धावतं आणि माणसाला घाबरायला सवडच देत नाहीत. जुन्यात कसं, आधी कुत्रं गप्प व्हायचं. मग कंदील बारीक व्हायचा. मग वाड्याचा तो एकडोळ्या राखणदार येऊन सांगायचा, की बेटी, तिकडं जाऊ नको. आणि बेटी तिकडंच जायची, अक्कल कुठं असते तिला.

"आवाज आधी, सावली मग, तोंड शेवटी," मनकर्णा सांगायची. "भीती दुधावानी हाय पोरी. बारीक आचेवर तापवावं लागतंय."

हे वेड तिला जत्रेतल्या तंबूत लागलेलं. लग्नाआधीची गोष्ट. विहिरीतून वर येणाऱ्या नवरीचं पिच्चर होतं. मध्येच रीळ तुटली, तंबूत शिट्ट्या झाल्या, आणि घाईत मशीनवाल्यानं रीळ उलटी-पालटी जोडली. त्यामुळं मनकर्णानं भूत आधी मरताना पाहिलं आणि मग जन्माला येताना. तरी तिला ते इतकं आवडलं की ती रात्रभर बहिणीला झोपू देईना. पुढं कधीतरी तेच पिच्चर पुन्हा बघताना तिला त्यातल्या राक्षसाच्या पाठीवरची चेनसुद्धा दिसली, कातड्याचा म्हणून घातलेला अंगरखा मागून उघडा पडला होता. तिला त्याचा राग आला नाही. उलट जीवच लागला. बिचाऱ्यानं त्या उकाड्यात रबराचं तोंड घालून आपल्याला भ्यायला लावलं, याचं तिला कौतुक वाटायचं.

त्या दुपारी मोबाईलवरच्या ठाकुरानं नोकराच्या मानेत गडासा घातला. रक्त भिंतीवर उडालं आणि कोमलनं तोंडावर पदर घेतला.

"कुंकवाचं पानी हाय गं येडे," मनकर्णा हसली. "रगत इतकं लाल ऱ्हातंय व्हय? रगत लगेच काळं पडतंय."

बोलून गेली आणि गप्प झाली. कारण कोमलच्या ओठावर कालचं रक्त तसंच काळं पडून वाळलेलं होतं.

कुलदीप हा मनकर्णाचा एकुलता एक मुलगा. गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. दिवसभर माणसं कोंबून हाकायची आणि दिवेलागणीला घरी येऊन बायकोला मारायचं, असा त्याचा दिनक्रम. मीठ कमी पडलं की मार, मीठ जास्त झालं की मार, आणि मीठ बराबर असलं की तोंड वर करून काहून बघितलीस म्हणून मार. मागच्या साली त्यानं पोटात लाथ घातली आणि कोमलचं पहिलं लेकरू गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पोट अजून दिसत नव्हतं, पण मनकर्णाला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं. हे लेकरू आणि ही पोरगी, दोघं जिती राहिली पाहिजेत. दुसरं तिला काही नको होतं.

ती मध्ये पडत नव्हती असं नाही. पडायची. मग दोघींना बसायचा.

"पिच्चरमधलं बरं ऱ्हातंय आत्याबाई," कोमल एकदा म्हणाली. "वाजंत्री आधी सांगतेत, आता काहीतरी व्हनार. इथं काहीच वाजत न्हाई."

मनकर्णाला हे सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा उकंडराव, आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलेला, त्यावरनंच हे नाव पडलेलं. तो चांगला उंचापुरा धनगर गडी होता, आणि हात त्याचा कुऱ्हाडीसारखा. घराच्या दारात आला की खोकायचा. दोन आखूड, एक लांब, मग थुंकी. त्या खोकल्यावरून तो आला हे कळायचं. पण आत येऊन चहा मागणार की कानाखाली देणार, ते काही कळायचं नाही. खोकला ऐकला की लहानगा कुल्या बाजंखाली शिरायचा. उकंडराव त्याला पायाला धरून बाहेर ओढायचा. मेल्यालाही आता बरीच सालं झाली, तरी कुलदीप अजून कुणी तसं खोकललं की दचकायचा. जगात तो भ्यायला असेल तर फक्त बापाला, त्याच्या आबाला.

आणि इथंच मनकर्णाच्या डोक्यात पिच्चर सुरू झालं.

"त्याला आबा दाखवू," ती सुनेला म्हणाली.

कोमलला आधी वाटलं सासूला ऊन लागलं. पण मनकर्णानं सगळं बेतलं होतं. आवाज आधी, सावली मग, तोंड शेवटी.

गावात दिवे लागायच्या वेळेलाच नेमकी लाईट जायची, त्याचा उपयोग झाला. कुलदीपनं त्या संध्याकाळी ताट फेकलं, कोमलचा दंड धरला आणि हात उगारला. शेळ्यांच्या कोठ्यामागून खोकला आला. दोन आखूड, एक लांब, मग थुंकी. कुलदीपचा हात वरच राहिला. तो कान देऊन उभा राहिला, मग बॅटरी घेऊन कोठ्यामागं जाऊन आला. तिथं शेळ्यांशिवाय काय सापडणार? मनकर्णा तोवर चुलीपाशी फुंकणी फुंकत बसली होती.

"माय, कोन खोकललं?"

"कुठं? मला न्हाई आयकू आलं."

मग तिनं मुद्दाम काही दिवस काहीच केलं नाही. घाई केली की भीती विटते, हे तिला पक्कं माहीत होतं. पुढं एका संध्याकाळी उकंडरावाची घुंगराची काठी अंगणात वाजली. मग परत शांतता. मग भिंतीवर घोंगडी पांघरलेली सावली दिसली, आली तशी गेली. कुलदीप रोडावला. बाहेरून आला की आधी कोठ्याकडं बघायचा. मारणं पुरतं थांबलं नव्हतं, पण हात उगारला की तो आता एकदा मागं वळून बघायचा. तेवढ्यात कोमल सरकायची. दोघी दुपारी माळावर याच्यावर पोट धरून हसायच्या. किती दिवसांनी कोमल हसत होती, हे बघून मनकर्णाला आपल्या अकलेचा भारी अभिमान वाटला.

आता तोंड दाखवायचं राहिलं होतं.

कोमलला नकला यायच्या. वसमतला शाळेत असताना ती मास्तरांचे आवाज काढायची. उकंडरावाला तिनं पाहिलं नव्हतं, पण मनकर्णानं तिला घोगरा आवाज घोटून घोटून शिकवला.

"पर माह्या तोंडून काहून, आत्याबाई? भिंतीआडून बोलू की."

"भिंतीआडून भूत खोकतंय. बोलायला त्याला अंग लागतंय. सगळ्या पिच्चरमधी तसंच हाय, नवरीच्याच तोंडून बोलतंय."

इथं ती चुकली. पिच्चरमध्ये भूत नवरीच्या तोंडून बोललं की ठाकूर घाबरतो, गुन्हा कबूल करतो आणि पडदा पडतो. लिंबखोरीत काय होतं ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. वरच्या आळीतल्या सखुबाईच्या तोंडून तिची मेलेली सासू बोलली, तेव्हा कुणी सखुबाईच्या नवऱ्याला दोन शब्द विचारले नव्हते. सखुबाईलाच बडवलं होतं. मिरच्यांच्या धुरीनं तिचा एक डोळा कायमचा गेला. हे सगळं मनकर्णाला माहीत होतं, पण पिच्चरच्या नादात तिला ते आठवलंच नाही. बुद्धी कधी कुठं चरायला जाईल, काही सांगता येत नाही.

कुलदीप त्या संध्याकाळी चिडूनच आला. पोलिसानं जीप अडवली होती. चुलीतलं पेटतं लाकूड उचलून तो कोमलकडं निघाला. कोमलनं शिकवल्याप्रमाणं मान खाली ठेवली, केस पुढं घेतले, आणि हळूहळू, अगदी हळूहळू तोंड वर केलं.

"कुल्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हात खाली."

लाकूड त्याच्याच पायावर पडलं. त्याची विजार ओली झाली. हा एवढा मोठा गडी धपकन खाली बसला आणि बायकोचे पाय धरून रडायला लागला. "चुकलो आबा, चुकलो." दाराआड उभ्या मनकर्णाला टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

त्यानंतर त्यानं हात लावला नाही. गोरेगावहून जिलेबी आणली. बायकोला पाणीसुद्धा मागेना, स्वतः उठून घ्यायचा. "आपलं पिच्चर लई चाललं की," मनकर्णा माळावर म्हणाली, आणि कोमलनं तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक झोप काढली. पण कुलदीप रात्री झोपत नव्हता. बायकोच्या शेजारी बाप झोपलाय, असं वाटून कुणाला झोप लागेल? तो चार माणसांत बोलला. चार माणसांनी त्याला मुंजाजी बुवाचं नाव सांगितलं.

मुंजाजी बुवा म्हणजे पंचक्रोशीतला देवरशी. भूत काढणं हा त्याचा धंदा. सखुबाईचा डोळा त्यानंच घालवला होता.

मनकर्णा माळावर शेळ्यांमागं होती. कोमलच्या पायावर सूज आली म्हणून तिला तिनं घरी ठेवलं होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजारची भिकाबाई धापा टाकत माळ चढून आली.

"मनकर्णा, घरी पळ. तुह्या सुनेला धुरी देऊन राहिले."

मनकर्णानं शेळ्या तशाच टाकल्या. धावताना तिची एक चप्पल बांधावर राहिली. काटे टोचत होते, पण तिला ते घरी पोचल्यावर कळलं.

अंगण माणसांनी भरलं होतं. पारावरची, हाटेलातली, शाळेसमोरची, सगळी माणसं जमली होती, बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. मधोमध कोमल. तिचे हात दाव्यानं मेढीला बांधले होते. पुढं घमेल्यात निखारे आणि निखाऱ्यांवर मिरच्या, आणि कुलदीपनं तिचे केस मुठीत धरून तिचं तोंड त्या धुरात दाबून ठेवलं होतं. मुंजाजी बुवाच्या हातात चिंचेची ओली शिपटी होती.

"नाव सांग," बुवा म्हणाला.

"कोमल. म्या कोमल हाय, देवाशपथ."

शिपटी पाठीवर बसली. चोळी फाटली.

"खोटं नाव सांगतंय. नाव सांग."

"कोमल."

पुन्हा बसली. जेवढ्या वेळा तिनं खरं नाव सांगितलं तेवढ्या वेळा तिला मार बसला. खोकता खोकता तिला ओकारी आली, तरी कुलदीपनं केस सोडले नाहीत. बुवानं मग शिपटी टाकली आणि तिच्या कमरेत लाथ घातली. लोक गप्प होते. कुणी हळहळलं नाही, कुणी ओरडलं नाही. घमेल्यातल्या मिरच्या तडतडत होत्या, तेवढाच आवाज.

मनकर्णा माणसं ढकलत आत शिरली. "सोडा तिला. भूत न्हाई. म्या केलं हे सगळं. कुल्या, तुला भ्या दाखवायला म्या केलं."

"माय, तू बाजूला व्हय."

"आरं खोकला माहा व्हता, काठी म्या वाजवली. तिला बोलायला म्याच शिकवलं. पिच्चरमधलं हाय हे सगळं."

कुणी विश्वास ठेवेना. आई लेकराला वाचवायला काय वाट्टेल ते बोलते, तशी सासू बोलत असेल, असं बायांच्या तोंडावर दिसत होतं. मनकर्णा पार घायकुतीला आली. पुरावा दाखवायचा म्हणून ती तिथं सगळ्यांसमोर खोकली. दोन आखूड, एक लांब, मग थुंकी.

गर्दी एका पावलानं मागं सरली. म्हाताऱ्या माणसांनी तो खोकला ओळखला. कुणीतरी हात जोडले. कुलदीपच्या मुठीतून कोमलचे केस सुटले.

मुंजाजी बुवाचे डोळे चमकले. "झाड बदललं," तो मोठ्यानं म्हणाला. भूत ज्या अंगात शिरतं त्या अंगाला हे लोक झाड म्हणतात. "पोरीला सोडलं त्यानं. म्हातारीला धरलं. पोरीला सोडवा आन् हिला बांधा."

भिकाबाईनं आणि आणखी एकीनं लगेच कोमलच्या हाताचं दावं सोडलं. तिला ओढून उंबऱ्याशी नेलं. पाणी पाजलं.

ते बघितलं आणि मनकर्णाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरं सांगून पोरगी सुटली नव्हती. भूत अंगात आल्यानं सुटली होती. तोंडाशी आलेलं "न्हाई, म्या मनकर्णाच हाय" तिनं तसंच गिळलं. ती घरात गेली, खुंटीवरची घोंगडी डोक्यावरून घेतली, कोपऱ्यातली घुंगराची काठी उचलली आणि बाहेर आली. कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

"कुल्या," ती उकंडरावाच्या आवाजात म्हणाली. एवढी सालं ऐकलेला आवाज तिला कुणाकडून शिकावा लागला नाही.

बुवा शिपटी उचलून पुढं आला. तिनं पहिली काठी त्याच्या मनगटावर घातली. तो हात पोटाशी धरून खाली बसला आणि मग सरकत सरकत माणसांत शिरला. दुसरी काठी कुलदीपच्या खांद्यावर. तिसरी त्यानं हातावर घेतली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला. कुणी मध्ये पडलं नाही. बाप लेकाला मारतोय, त्यात गावानं काय बोलायचं? ज्यांनी सुनेला मारताना तोंड उघडलं नव्हतं त्यांनी आता हात जोडून डोकी खाली घातली. घुंगरं वाजत होती. काठी गुडघ्यावर बसली, पाठीवर बसली, कपाळ फुटलं आणि रक्त त्याच्या भुवईवरून डोळ्यात उतरलं.

"आबा, नगं," कुलदीप म्हणाला. आवाज लहान पोराचा निघाला होता. त्यानं गुडघे पोटाशी घेतले, डोकं दोन्ही हातांत लपवलं. "आबा, पुन्हा न्हाई करणार. आबा, माय बघून राहिली."

मनकर्णानं हे आधी ऐकलं होतं. याच अंगणात, याच आवाजात. तेव्हा ती चुलीपाशी उभी होती आणि खरोखरच बघत होती, कारण मध्ये पडलं तर आपल्यालाही बसेल याची भीती होती. तिला रडू फुटलं. पण हात थांबला नाही. याचं तिला नंतर फार वाईट वाटलं. लेक पायाशी कण्हत होता, ती रडत होती, आणि हात आपला वर जात होता, खाली येत होता. मारणं किती सोपं असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. काठीला अडवणारं कुणी नसलं की ती आपोआपच चालते.

"मनकर्णा, बस कर," भिकाबाई ओरडली. "पोरीला खालून रगत लागलंय."

तेव्हा काठी गळून पडली.

कुलदीपच्याच जीपमध्ये शेजारच्या वैजनाथनं कोमलला आडवं घातलं आणि हिंगोलीच्या दवाखान्याची वाट धरली. मनकर्णा सगळ्या रस्त्यात सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली होती. कुठल्याच देवाचं नाव तिला आठवेना. नुसतं "जाऊ नगं, जाऊ नगं" म्हणत राहिली.

लेकरू गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून पाहिलं, ठोके आहेत म्हणाल्या. पण सुनेला खाटेवरून उठवायचं नाही, घरी तर अजिबात न्यायचं नाही, आणि आणखी एक मार बसला तर दोघांचंही काही सांगता येणार नाही, असं त्यांनी रागानं बजावलं. मारहाणीची केस म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. तो यायच्या आधीच गावची चार माणसं व्हरांड्यात हजर होती आणि त्यांनी त्याला एकमुखानं सांगून टाकलं होतं, की साहेब, पोरीला कुणी मारलं न्हाई, भूत काढून राहिले व्हते. आणि कुलदीपला त्याच्या मेलेल्या बापानं मारलं. हवालदारानं कपाळ चोळलं. चहा घेऊन येतो, मग जबाब घेऊ, म्हणून तो खाली गेला.

कोमलचे डोळे धुरीनं सुजून बारीक झाले होते. ती सासूचा पदर धरून होती.

"आत्याबाई, त्यो आला तर?"

"म्या हाय ना."

"तसं न्हाई. तुमी परत आबा व्हा." तिनं पदर आणखी घट्ट धरला. "तुमी आबा असला की त्यो भेतोय. सगळं गाव भेतंय. हवालदारासमोर बी खोका. म्या कुणाला सांगनार न्हाई."

 पोरगी म्हणत होती त्यात खोट नव्हती. एक खोकला, की कुलदीप दारातून पळाला असता. आज पळाला असता. आणि उद्या दुसरा बुवा घेऊन आला असता, याहून मोठा. मग कुणाच्या अंगातून कोण काढायचं, ते त्या बुवानं ठरवलं असतं.

आणि कुलदीप आलाच. उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळाला टाके, डाव्या मुठीत बुवानं दिलेला काळा दोरा. वॉर्डाच्या दारातच थांबला. आत यायची त्याची हिंमत होईना. त्यानं आईच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

"माय हाय का आबा?" त्यानं विचारलं.

आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. कोमलची बोटं सासूच्या दंडात रुतली. खोका, खोका, असं ती पुटपुटत होती. कुलदीपच्या मागं व्हरांड्यात हवालदार चहाचा ग्लास घेऊन येताना मनकर्णाला दिसला. तिनं कोमलची बोटं एक एक करून सोडवली आणि उठून लेकासमोर जाऊन उभी राहिली.

"माय हाय," ती म्हणाली. "आबा मेले, कुल्या. ते कवाच मेले. खोकला माहा व्हता आन् काठी बी माह्याच हातात व्हती. सगळ्या गावापुढं तुला म्या बडवलं, तुह्या मायनं. आन् पोरीला मी आता तुह्या घरी येऊ देनार न्हाई."

तो बघत राहिला. ती खरं बोलतेय हे त्याला पटायला जरा वेळ लागला. मग त्याच्या तोंडावर रंग परत आला, खांदे सरळ झाले. आईच होती तर. भ्यायचं काही कारणच नव्हतं. त्याचा डावा हात वर गेला. मनकर्णाला तो येताना दिसला. ती बाजूला झाली नाही.

थप्पड सगळ्या वॉर्डात वाजली. ती खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटली आणि खाली बसली. तोंडात रक्ताची चव आली. हवालदारानं चहा टाकून कुलदीपचा हात मागून पिरगाळला.

मनकर्णा दांडीला धरून उठली. पदरानं तोंड पुसलं.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "पोरीला मारनाऱ्याचं नाव कुलदीप उकंडराव पोले. आताच बगितलंत तुमी. तिला लाथ घालनाऱ्याचं नाव मुंजाजी बुवा. आन् ह्या पोराचा हात मोडला तिचं नाव मनकर्णा. भुताचं नाव कुठंच लिवू नका."

"माय," कुलदीप ओरडला. "माय, मी लेक हाय ना तुहा."

"व्हय," ती म्हणाली. "ते बी लिवा."